मिनिटाला ८० पोती

४ मे १९६० रोजी वॉशिंग्टनमध्ये एका करारावर दोन सह्या झाल्या. एक सही अमेरिकेचे अध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांची. दुसरी भारताचे अन्नमंत्री स. का. पाटील यांची, ज्यांच्या शब्दावाचून त्या काळी मुंबईच्या राजकारणाचं पान हलत नसे. पुढच्या चार वर्षांत अमेरिकेनं भारताला १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ द्यायचा, असं त्या कागदावर ठरलं. किंमत १२७ कोटी ६० लाख डॉलर, आणि ती भारतानं डॉलरऐवजी रुपयांत भरायची.

१ कोटी ७० लाख टन. एवढा आकडा वाचून डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही, म्हणून तो जालन्याच्या मोंढ्यात आणून उतरवू. शंभर किलोचं एक पोतं धरलं तर ही १७ कोटी पोती झाली. चार वर्षांचे दिवस १,४६१. म्हणजे रोज सुमारे ११,६०० टन, रोज १ लाख १६ हजार पोती, मिनिटाला ८० पोती. हमालांनी रात्र म्हणायची नाही, पोळा-दिवाळीला सुट्टी घ्यायची नाही, आणि चार वर्षं मिनिटाला ८० या वेगानं पोती उतरवत राहायची.

एवढं धान्य देणारा देश ते नुसतं भूक पाहून देत नाही. त्याच्या बरोबर त्या देशाचं परराष्ट्र धोरण येतं, आणि तो देश युद्धात असेल तर पोत्याबरोबर ते युद्धही येतं. कोरियापासून व्हिएतनामपर्यंत अमेरिकेच्या अध्यक्षांनी ही युद्धं कशी चालवली, याचा हिशोब सैनिक आणि बॉम्ब यांत मांडला जातो. तोच हिशोब मराठवाड्यातल्या रेशनच्या रांगेतूनही मांडता येतो, आणि त्याचं उत्तर पुढे ज्या गावात तयार झालं ते गाव जालना होतं.

कोरियाचं युद्ध आणि २० लाख टन

सुरुवात हॅरी ट्रुमन यांच्या काळात झाली. स्वातंत्र्यानंतर लगेचच भारताला धान्याची टंचाई जाणवू लागली आणि १९५० च्या अखेरीस भारतानं अमेरिकेकडे २० लाख टन धान्य मागितलं. त्याच वेळी कोरियात युद्ध पेटलेलं होतं. नेहरूंचा भारत त्या युद्धात अमेरिकेच्या मागे उभा राहायला तयार नव्हता. चीनला आक्रमक ठरवणाऱ्या ठरावाला त्यानं विरोध केला होता. अमेरिकी संसदेत हा राग धान्याच्या विधेयकावर निघाला आणि चर्चा महिनोन्महिने लांबली. अखेर १५ जून १९५१ रोजी ट्रुमन यांनी सही केली: १९ कोटी डॉलर, तेही कर्ज म्हणून.

१० जुलै १९५४ रोजी आयझेनहॉवर यांनी पब्लिक लॉ ४८० या कायद्यावर सही केली. आपल्याकडे हाच ‘पीएल ४८०’ म्हणून घरोघरी माहीत झाला. अमेरिकेची कोठारं शिल्लक धान्यानं ओसंडत होती, शीतयुद्ध सुरू होतं, आणि नव्यानं स्वतंत्र झालेले देश कोणत्या बाजूला झुकतात याची चिंता वॉशिंग्टनला होती. एका कायद्यानं तिन्ही कामं होणार होती. १९५६ मध्ये भारताशी पहिला करार झाला आणि चार वर्षांनी मिनिटाला ८० पोत्यांचा.

धान्य आलं, त्यानं माणसं जगली, हे निर्विवाद. पण जो देश दर मिनिटाला दुसऱ्याच्या पोत्याची वाट पाहतो, त्याचं मत त्या मिनिटापुरतं तरी गहाण असतं. हे कळायला आणखी पाच वर्षं जावी लागली.

जॉन्सन यांची आखूड दोरी

लिंडन जॉन्सन अध्यक्ष म्हणून स्थिरावले तेव्हा, १९६४ च्या अखेरीस, व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे सुमारे २३ हजार सैनिक होते. वर्षभरात ते १ लाख ८४ हजार झाले. १९६६ च्या अखेरीस ३ लाख ८५ हजार, आणि १९६८ संपताना ५ लाख ३६ हजार. चार वर्षांत २३ पट. २ मार्च १९६५ रोजी उत्तर व्हिएतनामवर ‘रोलिंग थंडर’ नावाची बॉम्बफेक सुरू झाली. ती साडेतीन वर्षं चालली आणि तीत ८ लाख ६४ हजार टन बॉम्ब पडले. दुसऱ्या महायुद्धात संपूर्ण पॅसिफिक आघाडीवर अमेरिकेनं टाकलेले बॉम्ब सुमारे ५ लाख टन होते.

भारताचं म्हणणं होतं की ही बॉम्बफेक थांबावी. लालबहादुर शास्त्रींनी ते उघड सांगितलं. एप्रिल १९६५ मध्ये जॉन्सन यांनी शास्त्रींची ठरलेली अमेरिका भेट पुढे ढकलली. त्याच उन्हाळ्यात पीएल ४८० ची जुनी मुदत संपली. नवा दीर्घ करार करण्याऐवजी जॉन्सन यांनी ठरवलं की भारताला धान्य द्यायचं ते एकदोन महिन्यांपुरतं, आणि प्रत्येक खेपेला मंजुरी आपण स्वतः द्यायची. दोरी आखूड ठेवायची. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाचा अध्यक्ष भारतात कोणत्या भागात किती पाऊस पडला, पिकांची स्थिती काय, याची माहिती स्वतः मागवून पाहत असे.

पाऊस मात्र लागोपाठ दोन वर्षं रुसला. १९६४-६५ मध्ये देशात ८ कोटी ९० लाख टनांच्या आसपास धान्य पिकलं होतं. १९६५-६६ मध्ये ते ७ कोटी २० लाख टनांवर आलं. एका वर्षात १ कोटी ७० लाख टनांची घट! पाटील-आयझेनहॉवर कराराचं चार वर्षांचं धान्य जेवढं, तेवढं भारताच्या एकाच हंगामातून नाहीसं झालं.

१९६६ या एका वर्षात भारतानं १ कोटी टनांहून अधिक धान्य आयात केलं, त्यातलं बहुतेक अमेरिकेतून. अमेरिकेच्या गव्हाच्या पिकाचा पाचवा हिस्सा एका देशाकडे निघाला होता. रोजचे २८ हजार टन. दहा टनांच्या ट्रकमध्ये भरले तर रोज २,८०० ट्रक. एकाला एक चिकटून उभे केले तर जालन्यापासून साधारण बदनापूरपर्यंत रांग. दुसऱ्या दिवशी तेवढीच नवी रांग, तिसऱ्या दिवशी पुन्हा. देशात पिकलेल्या दर सात पोत्यांमागे एक पोतं समुद्रावरून येत होतं, आणि अमेरिकेच्या बंदरातून मुंबईपर्यंत यायला जहाजाला महिना-सव्वा महिना लागत होता. गोदामांत साठा जेमतेम काही आठवड्यांचा. म्हणजे वॉशिंग्टनमध्ये एक सही पंधरा दिवस लांबली, तर दीड-दोन महिन्यांनी रेशनच्या दुकानात त्याचा खड्डा दिसणार.

सही लांबत गेली. मार्च १९६६ मध्ये इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या तेव्हा स्वागत जोरात झालं; ३० मार्चला जॉन्सन यांनी अमेरिकी संसदेकडे भारतासाठी आणखी ३५ लाख टन धान्याची शिफारस केली. ६ जूनला भारतानं रुपयाचं अवमूल्यन केलं: ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका रात्रीत साडेसात रुपयांचा झाला. यामागे अमेरिका आणि जागतिक बँक यांचा दबाव होता हे लपून राहिलं नाही. जुलैमध्ये इंदिरा गांधींनी मॉस्कोत व्हिएतनामवरच्या संयुक्त निवेदनावर सही केली आणि त्यात साम्राज्यवाद्यांच्या आक्रमणाचा निषेध होता. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत धान्याच्या नव्या मंजुऱ्या अडकून पडल्या. बिहारमध्ये तेव्हा दुष्काळ वाढत होता.

अमेरिकेचे भारतातले राजदूत चेस्टर बोल्स यांनी आपल्या आठवणींत त्या काळाचा एक प्रसंग नोंदवला आहे. भारत व्हिएतनामबद्दल जे बोलतो तेच पोप आणि संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट बोलतात, असं त्यांनी आपल्या सरकारला सुचवलं. त्यावर त्यांना ऐकावं लागलं की त्या दोघांना आमचा गहू लागत नाही. परराष्ट्र धोरणाची याहून स्वच्छ व्याख्या सापडणं अवघड आहे.

एकाच तराजूत

१९६५ ते १९७३ या काळात अमेरिकेनं व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियावर मिळून ७० लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं सगळ्या जगात टाकलेल्या बॉम्बच्या तिपटीहून जास्त. एकट्या लाओसवर २० लाख टनांहून अधिक. नऊ वर्षांत ५ लाख ८० हजार बॉम्बफेकी फेऱ्या. सरासरी काढली तर दर आठ मिनिटांना एक विमान भरून बॉम्ब, चोवीस तास.

१९६६ सालच्या धान्य आयातीला भारताच्या लोकसंख्येनं भागलं तर माणशी सुमारे २० किलो येतात. त्या ७० लाख टन बॉम्बना तिन्ही देशांच्या त्या वेळच्या लोकसंख्येनं भागलं तर माणशी एका क्विंटलहून जास्त येतात. तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला एक पोतं बॉम्ब. जालन्याचा हमाल रोज पाठीवर जेवढं वजन घेतो तेवढं.

पैशाचं तेच. १९६८ च्या सुमारास व्हिएतनाम युद्धावर अमेरिका वर्षाला सुमारे २,५०० कोटी डॉलर खर्च करत होती. दिवसाला सरासरी ६ कोटी ८० लाख. स. का. पाटलांनी सही केलेला सगळा करार १२७ कोटी ६० लाखांचा होता. मिनिटाला ८० पोती चार वर्षं पुरवायला जो खर्च आला, तो युद्धाच्या फार तर १९ दिवसांचा.

आणि माणसं. व्हिएतनाम सरकारनं १९९५ मध्ये जाहीर केलेल्या अंदाजानुसार युद्धात २० लाख नागरिक मारले गेले. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती. जालना, भोकरदन, जाफराबाद, बदनापूर, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा: आठ तालुक्यांतलं एकूण एक माणूस, शेतातलं, शाळेतलं, पाळण्यातलं, कोणीही शिल्लक नाही. त्या आकड्याचा अर्थ हा आहे. त्यात लढणारे धरलेले नाहीत. अमेरिकेचे स्वतःचे ५८ हजारांहून अधिक सैनिकही वेगळे.

निक्सन, बांगलादेश आणि मिलो

१९६९ मध्ये रिचर्ड निक्सन आले. त्यांना व्हिएतनाममधून बाहेर पडायचं होतं, पण हरल्यासारखं दिसायचं नव्हतं. त्यासाठी त्यांनी चीन आणि रशिया या दोघांशी बोलणी उघडली. चीनकडे जाणारी वाट पाकिस्तानातून होती. जुलै १९७१ मध्ये हेन्री किसिंजर गुपचूप पेकिंगला पोचले ते इस्लामाबादहून. म्हणून पूर्व पाकिस्तानात कत्तल सुरू असताना निक्सन यांनी पाकिस्तानचा हात सोडला नाही. भारतात सुमारे एक कोटी निर्वासित आले, म्हणजे आजच्या जालन्यासारखे पाच जिल्हे चालत सीमा ओलांडून आले. त्यांना जेवू घालायचं भारतानं. डिसेंबरमध्ये युद्ध पेटल्यावर निक्सन यांनी भारताची ८ कोटी ७६ लाख डॉलरची आर्थिक मदत रोखली आणि अणुशक्तीवर चालणारी ‘एंटरप्राइज’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे पाठवली. तिला काही करता येण्याआधीच ढाका पडलं. ३१ डिसेंबर १९७१ पासून भारतानं अमेरिकेचं सवलतीचं धान्य घेणं बंद केलं.

आणि पुढच्याच पावसाळ्यात १९७२ चा दुष्काळ आला.

नेमक्या त्याच पावसाळ्यात निक्सन यांनी रशियाला धान्य खरेदीसाठी ७५ कोटी डॉलरची उधारी मंजूर केली. रशियाशी तणाव कमी करणं हा त्यांच्या व्हिएतनाममधून सुटण्याच्या योजनेचाच भाग होता. रशियानं अमेरिकेतून सुमारे १ कोटी ९० लाख टन धान्य उचललं. बाजार रिकामा झाला. दीड-दोन वर्षांत जगात गव्हाचा भाव तिपटीवर गेला. मराठवाड्याच्या विहिरी आटलेल्या असताना भारताला धान्य रोखीनं, चढ्या भावानं घ्यावं लागलं. तेव्हा रेशनवर आली ती मिलो, अमेरिकेची लाल ज्वारी. त्या भाकरीची आणि दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीची आठवण काढली नाही असं साठीपलीकडचं माणूस जालन्याच्या खेड्यांत भेटणं कठीण.

मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा ५ कोटी. बायका-पोरं-म्हातारे धरून दहात एक माणूस खडी फोडत होता, पाझर तलावाची माती उपसत होता, रस्ता करत होता. व्हिएतनाममध्ये अमेरिकेची सर्वाधिक फौज होती ५ लाख ४३ हजार. महाराष्ट्रानं भुकेविरुद्ध उभी केलेली फौज तिच्या नऊपट होती, आणि तिच्या हाती कुदळ आणि पाटी होती. त्याच कामांतून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला.

धान्याच्या हिशोबाचं शेवटचं पान १८ फेब्रुवारी १९७४ रोजी दिल्लीत मिटलं. पीएल ४८० च्या धान्यापोटी भारतानं भरलेले रुपये अमेरिकेच्या खात्यात साठत गेले होते, इतके की ते कुठं वापरावेत हेच अमेरिकेला कळेना. राजदूत डॅनिएल मॉयनिहन यांनी त्यातला मोठा हिस्सा भारताला परत केला, एका चेकनं. रक्कम १,६६४ कोटी रुपये. गिनेसच्या पुस्तकात तो जगातला सर्वांत मोठा चेक म्हणून नोंदला गेला. सेकंदाला एक रुपया मोजला तर एवढे रुपये मोजायला ५२७ वर्षं लागतात. १९७४ मध्ये मोजणी संपवायची तर ती १४४७ मध्ये, मराठवाड्यावर बहमनी सुलतानांचं राज्य असताना सुरू करावी लागली असती. चेक आला तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते यशवंतराव चव्हाण. धान्याचा सर्वांत मोठा करार एका मराठी मंत्र्यानं केला आणि त्याचं खातं दुसऱ्या मराठी मंत्र्याच्या काळात मिटलं.

तीस मिलिग्रॅमचं उत्तर

आता मोठे आकडे बाजूला ठेवू आणि एक लहान आकडा घेऊ. ज्वारीच्या एका दाण्याचं वजन साधारण २५ ते ३० मिलिग्रॅम असतं.

जॉन्सन दोरी आखडत होते त्याच काळात जालन्यात या दाण्याचं काम सुरू झालेलं होतं. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, जालन्यात काढली. त्याआधी ते भेंडीच्या ‘पुसा सावनी’ वाणाचं बियाणं तयार करून विकत होते. त्याच १९६४ साली देशातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, प्रसारित झाली. तिचा नरवाण होता ‘आयएस ८४’ आणि मादीवाण होता ‘सीके ६०’, अमेरिकेतून आलेला. हेही सांगितलं पाहिजे. अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशननं भारतीय शास्त्रज्ञांबरोबर मका आणि ज्वारीच्या संकरावर मनापासून काम केलं. एकाच देशातून गव्हाची पोती आली आणि मादीवाणही आला. पोतं खाल्लं की संपलं. मादीवाण इथल्या मातीत रुजला आणि त्याचं बी करायची कला इथल्या माणसांच्या हातात उतरली.

त्या कलेचंही एक माप आहे. संकरित बियाण्याच्या प्लॉटपासून चहूबाजूंनी २०० मीटरपर्यंत दुसरी ज्वारी नको, नाहीतर वाऱ्यावर परके परागकण येऊन बी बिघडतं. १० एकरांचा चौरस प्लॉट घेतला तर भोवतालच्या सुमारे ७० एकरांत कोणीही त्या हंगामात ज्वारी पेरायची नाही. हे ७० एकर शेजाऱ्यांचे, भावकीचे, कधी बोलणं बंद असलेल्या माणसाचे. वॉशिंग्टनच्या कराराला दोन सह्या पुरल्या. बीजप्लॉटला बांधाबांधावरचा होकार लागतो. जालना परिसरातल्या गावांनी तो दिला, म्हणून इथे बियाण्याचा धंदा उभा राहिला.

आता गुणाकार करू. एकराला ४ किलो बी धरू. दहा टनांच्या एका ट्रकमध्ये २,५०० एकरांचं बी मावतं. पाऊस बरा आणि खत वेळेवर असेल, आणि एकरी ८ क्विंटल पिकले, तर २,५०० एकरांत २ हजार टन ज्वारी होते. म्हणजे बियाण्याच्या एका ट्रकमागे धान्याचे २०० ट्रक. १९६६ मध्ये समुद्रावरून रोज येणारे २,८०० ट्रक धान्य? या हिशोबानं ते बियाण्याच्या १४ ट्रकांत होतं. जालना ते बदनापूर लागलेली ती रांग मोंढ्याच्या एका गल्लीत उभी राहील एवढी आखूड होते. अर्थात तो ढोबळ हिशोब आहे आणि शेत कधी कागदासारखं पिकत नाही. पण त्याची दिशा खरी आहे, आणि ती दिशा ओळखणारी माणसं तेव्हा महाराष्ट्रात होती. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी राज्य धान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फाशी द्या, असं पुण्यात जाहीर सभेत सांगून हायब्रीड ज्वारीचा प्रसार अंगावर घेतला होता. दिल्लीत अन्न मंत्रालयात अहमदनगरचे अण्णासाहेब शिंदे होते. देशानं १९६६ मध्ये मेक्सिकोहून गव्हाचं १८ हजार टन बियाणं आणलं. १९६४-६५ मध्ये १ कोटी २३ लाख टन असलेला गहू १९७०-७१ मध्ये २ कोटी ३८ लाख टन झाला.

हायब्रीड ज्वारीनं सगळं साधलं असं नाही. पावसात सापडलेली ती काळी पडते, तिच्या भाकरीला मालदांडीची चव नाही हे घराघरांत बोललं गेलं, आणि रब्बीच्या शाळूची जागा तिनं कधी घेतली नाही. पण पोट भरण्यासाठी वॉशिंग्टनकडे पाहायची गरज तिनं कमी केली. बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, अडीच लाख डॉलरचा. तो पुरस्कार अमेरिकेतला आहे. ज्या देशाच्या धान्यावाचून भारताचं पान हलत नव्हतं, त्याच देशानं जालन्याच्या माणसाला अन्नासाठी गौरवलं, हे या सगळ्या कथेतलं मला सर्वांत मोलाचं वाटतं.

दोरी कुठं बांधली आहे?

२०२३-२४ मध्ये भारतात ३३ कोटी टनांहून अधिक धान्य पिकलं, १९६५-६६ च्या साडेचार पट. आता कोणा अध्यक्षाला भारताचं धान्य एका सहीनं रोखता येणार नाही. पण दोरी सुटली असं समजून स्वस्थ बसावं असे आजचे आकडे नाहीत.

संकरित वाणाचं बी दर हंगामाला नवं घ्यावं लागतं. घरच्या कणगीतलं चालत नाही. २६ मार्च २००२ रोजी बीटी कापसाला परवानगी मिळाली. पहिले तीन वाण महिकोचे, त्यांतलं जनुक अमेरिकी कंपनीचं. दहा-बारा वर्षांत देशातल्या कपाशीच्या दहा एकरांपैकी नऊ एकर बीटीचे झाले. त्या बियाण्याचं ४७५ ग्रॅमचं एक पाकीट म्हणजे पाच हजारांच्या आसपास सरक्या. एका बोंडात २५-३० सरक्या धरल्या तर एका पाकिटामागे दोनशेच्या आसपास फुलं, आणि प्रत्येक फूल दोनदा हाताळलेलं: संध्याकाळी कळीतले पुंकेसर खुडायचे, सकाळी नराचे परागकण लावायचे. यालाच शेतातल्या बायका क्रॉसिंग म्हणतात. देशात वर्षाला अशी चार कोटींच्या घरात पाकिटं विकली जातात. म्हणजे साडेसातशे ते आठशे कोटी फुलं, पृथ्वीवर जेवढी माणसं आहेत तेवढी, हातानं आणि एकेक करून. जनुकाचा हक्क दूरच्या करारांत ठरला, पण बी जन्मलं ते या बोटांतून, आणि त्या बोटांच्या वाट्याला त्या पाकिटातला किती पैसा येतो हा प्रश्न जिल्ह्यानं विचारायला हवा.

दुसरा आकडा तेलाचा. भारत आज वर्षाला दीड कोटी टनांहून अधिक खाद्यतेल आयात करतो. १९६६ च्या दुष्काळात जेवढं धान्य आयात झालं त्याच्या दीडपट वजनाचं तेल आपण चांगल्या पावसाच्या वर्षीही बाहेरून घेतो. २०२२ मध्ये रशिया आणि युक्रेन यांच्यात युद्ध पेटलं तेव्हा सूर्यफुलाचं तेल महागलं आणि त्याचा चटका जालन्यातल्या स्वयंपाकघराला बसला. आणि त्याच जिल्ह्याच्या खरिपात सोयाबीन लाखो एकरांवर उभं असतं. त्याचा भाव पडला की शेतकरी रस्त्यावर येतो. एकीकडे तेलासाठी जगापुढे हात, दुसरीकडे तेलबियांना भाव नाही. १९६५ मध्ये तेव्हाचे केंद्रीय अन्नमंत्री सुब्रमण्यम, नाईक, शिंदे आणि बारवाले यांनी गहू-ज्वारीचा प्रश्न जसा हातात घेतला, तसा हा घ्यायला कोणी पुढे आलेलं नाही.

ट्रुमन, आयझेनहॉवर, जॉन्सन, निक्सन: चौघांनी आपापल्या देशाचं हित पाहिलं, आणि पुढचे अध्यक्षही तेच पाहतील. त्यांच्या युद्धांचा आकार जालन्यातून ठरत नाही. पण ते युद्ध आपल्या ताटापर्यंत किती पोचू द्यायचं, हे इथं ठरवता येतं. साठ वर्षांपूर्वी ते ठरवून दाखवलेलं आहे. तेलबियांचं सुधारित बी, त्याला हमीचा भाव आणि ते तयार करणाऱ्या बायकांना पुरेशी मजुरी, या तीन गोष्टींसाठी लागणारा पैसा कोणत्याही युद्धाच्या एका दिवसाच्या खर्चापुढे नगण्य आहे. तो खर्च आज करावा, दुसरा एखादा जॉन्सन आपल्या पावसाचा आलेख मागवण्याच्या आत.